तळहाताएवढी जमीन

पंक्चरच्या दुकानासमोर भाच्याची जुनी मारुती ८०० उभी होती आणि दुकानदार तिच्या पुढच्या चाकाभोवती चुन्याची भुकटी पसरत होता. रांगोळी घालावी तशी, चिमटीने, चाकाच्या अगदी कडेपर्यंत. मग आम्ही तिघांनी मिळून गाडी दोन हात मागे ढकलली. चाक सरकलं आणि पांढऱ्या चुन्याच्या मधोमध काळ्या मातीचा एक चौकोन उघडा पडला. कोपरे गोलसर, कडा जराशा विस्कटलेल्या. पट्टी लावली. रुंदी ११ सेंटिमीटर, लांबी १० च्या किंचित पुढे. मी त्यावर हात ठेवला. तळहात आणि बोटांची पहिली पेरं, एवढ्यात तो चौकोन झाकला गेला.

"सर, एवढ्यावरच उभी राहते का जी गाडी?" दुकानदाराने विचारलं. हा माणूस चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्यात कित्येक वर्षं टायर उघडतो आहे, ट्यूबला ठिगळ लावतो आहे, हवा भरतो आहे. तरी हा चौकोन त्यानेही कधी पाहिला नव्हता. दिसणार कसा? तो कायम चाकाखाली झाकलेला असतो, आणि गाडी हलली की आपली जागाही बदलतो.

हिशोब तिथेच, त्याच्या बिलबुकाच्या मागच्या पानावर केला. गाडी आणि चालक मिळून ७३० किलो. इंजिन पुढे असल्यामुळे वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन चाकांवर, म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावर जवळपास २२० किलो आणि मागच्या प्रत्येकावर १४५. टायरमध्ये हवा २८ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलोचा दाब. २२० ला त्या दाबाने भागलं की ११२ चौरस सेंटिमीटर येतात. पट्टीने मोजलेलं आणि गणिताने आलेलं जवळपास जुळलं. टायरच्या बाजूंचा ताठरपणा धरला तर थोडा फरक पडतो, पण गाडी उचलून धरणारी मुख्य गोष्ट आतली हवाच. चारही चाकांचे चौकोन एकत्र केले तर ३७० चौरस सेंटिमीटर. कचेरीत अर्ज लिहायला घेतो त्या ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ ६२४. म्हणजे अख्खी मोटार, आतल्या माणसासकट, कागदाच्या अर्ध्याहून थोड्या मोठ्या तुकड्यावर उभी असते. ती वळते, थांबते, घसरते किंवा घसरत नाही, ते सगळं तेवढ्यावर ठरतं.

भाचा पुण्यात नोकरी करतो आणि त्याला ऑटोक्रॉसचं वेड लागलं आहे. ऑटोक्रॉस म्हणजे घड्याळाशी लावलेली शर्यत. वळणावळणाची छोटी वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि वेळ मोजायची. आपल्याकडे ती बहुतेक वेळा मातीच्या मैदानावर होते. अमेरिकेत रिकाम्या वाहनतळावर किंवा जुन्या धावपट्टीवर रबरी शंकू मांडतात, आणि एक शंकू पडला की वेळेत दोन सेकंदांचा दंड मिळवतात. नाशिकची माती तर रॅलीच्या गाड्यांना चांगलीच ओळखीची आहे. कोरपन्यात असा ट्रॅक नाही. पण हा खेळ समजावून सांगायला मला आमच्या माणसांपुढे दोन वाक्यंही लागली नाहीत. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, म्हटलं की झालं. तिथेही घड्याळ असतं, सेकंदाचे शंभर भाग मोजले जातात, आणि जोडी सुटली की काही क्षणांत निकाल. तळेगाव दशासरचा पट पाहिलेला माणूस ऑटोक्रॉस पाहून गोंधळणार नाही. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पुन्हा होऊ दिल्या, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. मधल्या वर्षांत आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी जोड्या विकल्या, पण घड्याळं विकली नाहीत.

आता त्या शंभराव्या भागाचं काय ते बघा. ऑटोक्रॉसची एक फेरी साधारण मिनिटाभराची. सरासरी वेग ताशी ४५ किलोमीटर धरला तर अंतर ७५० मीटर. ताशी ४५ म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. म्हणून सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. पहिला आणि दुसरा यांच्यात कित्येकदा एवढाच फरक असतो. चुन्यातल्या त्या चौकोनाची लांबी होती १० सेंटिमीटर. मिनिटभर धावून माणूस तळहाताएवढ्या अंतराने जिंकतो किंवा हरतो. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, फक्त पुन्हा खाली वाकून चौकोनाकडे पाहत राहिला.

आणि तो चौकोन तरी किती वेळ जमिनीवर असतो? ताशी ६० च्या वेगात टायरचा एखादा ठिपका जमिनीला लागून पुन्हा उचलला जातो त्याला सेकंदाचे सहा हजारांश भाग लागतात. पापणी लवायला जेवढा वेळ जातो त्याचा विसावा हिस्साही नाही. तेवढ्यात रबराने मातीत दात रोवायचे, गाडीचं वजन झेलायचं, वळणाची ओढ सोसायची आणि सुटायचं. मग चाकाच्या वरच्या अंगाने गोल फिरून पुन्हा तेच. सेकंदाला दहा वेळा. एवढ्या वेगात टायरच्या पृष्ठभागावर बाहेर फेकणारी ओढ गुरुत्वाच्या ११० पट असते. नक्षीत अडकलेला १० ग्रॅमचा खडा तिथे किलोहून जड होतो, म्हणूनच तो सुटून उडतो आणि मागच्याची काच फोडू शकतो.

दाबाबद्दल सांगितल्यावर दुकानदाराने फार नेमका प्रश्न विचारला. "मग हत्तीचा पाय किती दाबतो?" गडचिरोलीत कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे, तिथे तो जाऊन आलेला. हिशोब मांडला. हत्तीण तीन टनांची, पावलाचा व्यास ३५ सेंटिमीटर. एका पावलाखाली ९६० चौरस सेंटिमीटर, चार पावलं मिळून ३,८००. तीन हजार किलो भागिले ३,८००, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलो. चालताना एक पाय उचललेला धरला तरी किलोभर. आणि आमची ही चिमुकली मारुती? दोन किलो. तीन टनांचं जनावर जमिनीला आपल्या या हलक्या मोटारीच्या निम्म्यानेच दाबतं. काळ्या चिखलात हत्ती का चालतो आणि मोटार का रुतते, याचं अर्धं उत्तर यात आहे.

आमची माती तर चिखलासाठीच प्रसिद्ध. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. ती चाकाच्या नक्षीत एकदा भरली की टायर गुळगुळीत झाल्यासारखाच, खोल नक्षी असून उपयोग नाही. चाक फिरतं आणि गाडी जागेवर. म्हणून मातीतला शर्यतवाला आधी विचारतो तो प्रश्न वेगाचा नसतोच. वर काय आहे आणि चार बोटं खाली काय आहे, हे तो विचारतो. वर भुसभुशीत आणि खाली घट्ट मुरूम असेल तर अरुंद टायर बरा, कारण तो वरचा थर कापून खालच्या घट्ट जमिनीला भिडतो. स्वीडनच्या बर्फावर रॅलीच्या गाड्या बारीक टायर लावतात ते याच कारणाने. डांबरावर मात्र रुंद टायर हवा, कारण तिथे कापून जायला काही नाही, घट्ट चिकटून राहायचं आहे. आणि खाणपट्ट्यातल्या रस्त्यावर साचते ती चुनखडीची बारीक पूड तर सगळ्यात वाईट. कोरडी असली की ती रबराखाली मोहरीच्या दाण्यांसारखी घरंगळते.

अरुंद चाकाने कापून जाण्याची युक्ती आमच्या बंडीने, म्हणजे बैलगाडीने, शंभर वर्षांपूर्वीच पत्करली होती. लाकडी चाकाला जी लोखंडी पट्टी बसवतात तिला आपण धाव म्हणतो. टायरला मराठीत याहून सुंदर शब्द मला सापडलेला नाही. धाव बसवताना मी लहानपणी पाहिली आहे. चाक जमिनीवर आडवं ठेवलेलं, शेजारी गोवऱ्यांचा गोल रचलेला जाळ आणि त्यात लालबुंद धाव. चाक साडेचार फूट व्यासाचं, परीघ ४.३ मीटर. धाव त्याहून बोटभर आखूड घडवलेली असते, थंड असताना ती चाकावर चढूच शकत नाही. लोखंड दर अंशाला आपल्या लांबीच्या लाखात १.२ भाग वाढतं. ५०० अंश तापवलं की ४.३ मीटरची धाव २६ मिलिमीटर लांब होते. तेवढ्यात लोहार आणि त्याचे दोन जोडीदार सांडशांनी ती उचलून चाकावर टाकतात, घणाने बसवतात, आणि लाकूड पेटायच्या आत बादल्यांनी पाणी ओततात. वाफेचा लोट, लाकडाचा करकर आवाज, आरे तुंब्यात घट्ट रुतताना होणारा तो आवाज अजून कानात आहे.

पाच सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर जाड पट्टी थंड झाल्यावर आपल्या लांबीच्या हजारात एक भाग जरी ताणलेली राहिली, तरी तिची ओढ भरते दहा टन. खिळा नाही, डिंक नाही. दहा टनांची मिठी. ती मिठी सुटायची ती फक्त उन्हाने लाकूड सुकलं की, आणि म्हणून उन्हाळ्यात चाकं नदीत, नाल्यात भिजत ठेवायची पद्धत. टायर आणि उष्णता यांचं नातं किती जुनं आहे पाहा.

धाव टिकाऊ, पण तिला जमिनीची दया नाही. भरल्या बंडीचं एक चाक पाचशे किलो पेलतं आणि टणक रस्त्यावर ते टेकतं दोन-तीन बोटांएवढ्या जागेवर. दर चौरस सेंटिमीटरला पन्नास किलो किंवा त्याहून जास्त. रस्त्यांची चाळण होणारच. हवेचा टायर आला तेव्हा हे बदललं. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं, पण काळाच्या आधी. लोकांच्या हाती तो पोचवला जॉन बॉइड डनलॉपने, १८८८ मध्ये, बेलफास्टमध्ये, मुलाच्या तीनचाकीसाठी. हा डनलॉप गुरांचा डॉक्टर होता. मला याचं फार अप्रूप वाटतं. ज्या माणसाचा दिवस जनावरांच्या खांद्यावरचे व्रण आणि खुरांची दुखणी पाहण्यात जात असे, त्याने गाडीखाली हवेची उशी घातली, आणि पुढे तीच उशी टायरच्या बंडीच्या रूपाने आमच्या कापसाखाली आणि आमच्या बैलांच्या मदतीला आली.

आता याच तालुक्यातला दुसऱ्या टोकाचा टायर बघायचा. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा, कोरपना तालुक्यात सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते पैनगंगेच्या खोऱ्यातल्या चुनखडकावर. भूगर्भाचे अभ्यासक त्याच्या एका थराला चांदा चुनखडक म्हणतात, आणि त्याचं वय अब्ज वर्षांच्या घरातलं आहे. आवारपूरचा कारखाना १९८३ च्या सुमारास सुरू झाला, तेव्हापासून ही जुनी सागराची माती डंपरमध्ये बसून प्रवास करते आहे. चुनखडीच्या खाणीत चालतो तसा ५५ टनी डंपर घ्या. रिकामा ४३ टन, भरला की ९८. सहा टायर, प्रत्येक माणसाहून उंच, २.१५ मीटर व्यासाचा. भरल्या गाडीत एकेका टायरवर सोळा टनांहून जास्त भार. हवा १०० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सात किलो. जमिनीला टेकलेला एक चौकोन २,३०० चौरस सेंटिमीटरचा, दीड फूट बाय दीड फुटाहून थोडा मोठा. सहा चौकोन मिळून ए-फोरची २२ पानं. मारुती अर्ध्याहून थोड्या जास्त पानावर ७३० किलो, डंपर २२ पानांवर ९८,००० किलो.

यातली एक गोष्ट हिशोब करताना हाती लागली आणि मी दोनदा तपासून पाहिली. ५० किलोच्या एका पोत्याच्या सिमेंटला साधारण ७० किलो चुनखडी लागते. ५५ टनांची एक खेप म्हणजे ७८० पोती. खाणीतून क्रशरपर्यंत अडीच किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन पाच किलोमीटर. टायरचा परीघ पावणेसात मीटर, म्हणजे एका खेपेत चाकाचे ७४० फेरे. चाकाचा एक फेरा आणि सिमेंटचं एक पोतं, जवळजवळ बरोबरीत. घराचा स्लॅब टाकायला ८० पोती लागली तर डंपरची चाकं त्यासाठी ऐंशीएक वेळा फिरलेली असतात. आपण त्या छताखाली झोपतो.

जगातले सर्वांत मोठे टायर याहूनही कितीतरी मोठे. खाणीत ३६३ टन माल एका खेपेत नेणाऱ्या डंपरचा टायर चार मीटर उंच, पाच टनांहून जड, आणि एकटा शंभर टन पेलणारा. आमच्याकडच्या कौलारू घराच्या आढ्याला तो टेकेल. दुसरीकडे, टायरच्या संख्येत जगात पहिला क्रमांक गाडीवाल्या कंपनीचा नाही, खेळण्यांच्या लेगो कंपनीचा. वर्षाला तीस कोटींहून जास्त, बोटाच्या पेराएवढे.

पण आकाराने भुलायचं नाही. ५५ टनी डंपरचा टायर आणि मारुतीचा टायर यांचा शत्रू एकच आहे, उष्णता. जाड रबर फिरताना दर फेऱ्याला दबतं, सुटतं, आणि त्या दबण्या-सुटण्यात आतून तापतं. वरून गार वाटलं तरी पोटात धग साठते. म्हणून खाणीच्या टायरसाठी एक वेगळं माप आहे, टन-किलोमीटर-प्रतितास. टायरवरचा सरासरी भार टनांत आणि दिवसभराचा सरासरी वेग ताशी किलोमीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार. वरच्या डंपरमध्ये भरलेला सव्वासोळा आणि रिकामा सव्वासात टन, सरासरी पावणेबारा, आणि वेग १५, म्हणजे १७६ च्या आसपास. हा आकडा टायरच्या ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की आतले थर सुटू लागतात. चालकाने गाडी जोरात पळवली की खेपा वाढतात, टायर मरतो. चंद्रपूरच्या उन्हात, जिथे मे महिन्यात पारा ४७ च्या वर जातो, हा हिशोब दर उन्हाळ्यात नव्याने करावा लागतो.

शर्यतवाल्याची गोष्ट नेमकी उलटी. त्याला टायर तापलेला हवा असतो, कारण गरम रबर मऊ पडतं आणि धरतं. पण त्याची फेरी एका मिनिटात संपते, चाकाचे जेमतेम ४७० फेरे होतात, आणि टायर तापेपर्यंत निकाल लागलेला असतो. म्हणून तो थंडीतही धरणारं मऊ रबर शोधतो. अमेरिकेत टायरच्या बाजूवर झिजेचा एक आकडा छापावा लागतो. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळ ठरलेल्या रस्त्यावर ७,२०० मैल चालवून हा आकडा ठरवतात, आणि ठरलेल्या टायरच्या दुप्पट टिकला तर २००. तिथल्या हौशी ऑटोक्रॉसच्या साध्या वर्गात २०० पेक्षा कमी आकड्याचा टायर चालत नाही, नाहीतर ज्याच्या खिशात पैसे जास्त तोच दर रविवारी नवं मऊ रबर लावून जिंकेल. हा नियम मला फार न्यायाचा वाटतो.

आपल्या टायरवर आणखी एक आकडा असतो आणि तो प्रत्येकाने वाचावा. चार अंक, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. भाच्याच्या मागच्या टायरवर नक्षी भरपूर होती, पण वर्ष फार जुनं निघालं. उन्हात उभं राहून रबर टणक झालेलं, नखाने दाबलं तर दबत नव्हतं. नक्षी पाहून टायर घेणारा फसतो तो असा. मीही एकदा फसलो आहे. एका उन्हाळ्यात राजुऱ्याच्या रस्त्यावर माझ्या गाडीचा जुना, रबर चढवलेला टायर फुटला, भर दुपारी, आणि मागून भरलेला ट्रक येत होता. त्या दिवसापासून मी हे चार अंक वाचल्याशिवाय टायरला हात लावत नाही.

हवेबद्दल मात्र दुकानदाराकडून शिकण्यासारखं बरंच होतं. तो उन्हाळ्यात दुपारी आलेल्या गाडीची हवा लगेच मोजत नाही, सावलीत उभी करायला सांगतो. कारण साधं आहे आणि आकड्यांत मांडलं तर दचकायला होतं. सकाळी २८ अंशांत २८ पौंड हवा भरली. दुपारी उन्हातल्या डांबरावर धावून टायर ६० अंशांवर गेला. आतली हवा तेवढीच, पण दाब साडेबत्तीस पौंडांवर. मारुतीच्या पुढच्या चाकाखालचा ११२ चौरस सेंटिमीटरचा चौकोन ९६ वर आला. काडेपेटीएवढी जमीन हातची गेली, न दिसता, न कळता. शर्यतीत तीच काडेपेटी हवी असते. म्हणून मैदानावर दर फेरीनंतर हवा मोजून थोडी सोडतात, आणि संध्याकाळी घरी निघताना पुन्हा भरतात.

मग हवा कमी केली की काम झालं? नाही, आणि इथेच हा खेळ बुद्धीचा होतो. वळण घेताना गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर ढकललं जातं. मुरमावर मारुतीने जोरात वळण घेतलं की १८० किलो आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला जातात. पुढच्या बाहेरच्या चाकावर २२० ऐवजी ३३० किलो. या गाडीच्या टायरवर भाराचा आकडा असतो ६९, त्याचा अर्थ ३२५ किलो. म्हणजे एका वळणात टायर आपल्या लिखित मर्यादेला जाऊन टेकतो, आणि मागच्या आतल्या चाकावर उरतात फक्त ७५ किलो, एका धडधाकट माणसाचं वजन. आता त्या बाहेरच्या चाकात हवा कमी असेल तर टायर कुशीवर लोळतो. नक्षीऐवजी बाजूची भिंत जमिनीला घासते, चौकोन वाकडा होतो, आणि फारच कमी हवा असली तर टायर रिममधून निघूनही जातो.

भाच्याला मी फळ्यावरचा खडू दिला. टायरच्या खांद्यावर, नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे, तीन ठिकाणी उभ्या रेघा मारायच्या. मग गावाबाहेरच्या मोकळ्या मुरमाच्या पडीत जमिनीवर, कोणी नसताना, दोन वळणं घ्यायची आणि रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते बघायचं. खांद्यापर्यंत पुसली तर हवा बरोबर. भिंतीवर उतरली तर हवा कमी, दोन पौंड वाढवायची. खांद्याच्या आतच थांबली तर हवा जास्त, दोन पौंड सोडायची. पुढच्या चाकांत भार जास्त म्हणून पुढे दोन-तीन पौंड अधिक. प्रत्येक फेरीला एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. पहिल्या फेरीत २८ पौंडांवर रेघ बोटभर खाली उतरली. ३० वर अर्धं बोट. ३२ वर ती अगदी खांद्याच्या कडेवर थांबली. त्या रेघेकडे पाहताना भाच्याचा चेहरा उजळला, तो आनंद मला घड्याळ पाहून होणाऱ्या आनंदापेक्षा खरा वाटला.

घरी परतताना त्याने विचारलं, "मामा, टायर झिजतो म्हणजे नेमकं किती जातं?" रात्री जेवणानंतर ते काढलं. रोजच्या गाडीचा टायर ४०,००० किलोमीटर चालला आणि त्यात साडेसहा मिलिमीटर रबर गेलं असं धरा. या टायरचा परीघ १.६ मीटर, म्हणजे अडीच कोटी फेरे. साडेसहा मिलिमीटर भागिले अडीच कोटी. उत्तर आलं एका फेऱ्याला मिलिमीटरचा चाळीस लाखांश भाग. म्हणजे एका फेऱ्यात जमीन टायरचा जेमतेम एका अणूच्या जाडीएवढा थर घेते. आणि शर्यतीत? शंभर फेऱ्यांत, म्हणजे ७५ किलोमीटरमध्ये, मऊ टायरचं चार मिलिमीटर रबर गेलं असं धरलं तर दर चाकाच्या फेऱ्याला त्याच्या तीनशेपटीहून जास्त. एक वळण आणि रबराचे शेकडो थर मैदानावर.

हे जातं कुठे, हेही विचारायला हवं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगभरातल्या टायरांच्या झिजेचा अंदाज काढला, वर्षाला सुमारे ६० लाख टन, माणशी ८०० ग्रॅमच्या आसपास. अणूअणूने गेलेलं. ते मातीत, नाल्यात, पैनगंगेत, वर्धेत जातं. आमच्या रस्त्यावरून रात्रंदिवस दहा-बारा चाकांच्या गाड्या कोळसा आणि सिमेंट घेऊन जातात, तेव्हा रस्त्याकडेच्या कपाशीच्या पानांवर जी काळसर साय बसते तिच्यात तेही असतं. जास्त हवेचा, कमी हवेचा, वाकड्या चाकाचा टायर लवकर झिजतो, म्हणजे तो जास्त सांडतो. हवा नीट ठेवणं हे मला म्हणूनच शर्यतवाल्याचं किंवा कंजूष माणसाचं काम वाटत नाही. ते शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाचंही काम आहे.

भाचा पुण्याला गेला. दुकानासमोरचा चुन्याचा चौकोन दुसऱ्या दिवशी पुसला गेला, पण दुकानदाराने चुन्याचा डबा ठेवून दिला. परवा त्याचा फोन आला.

"सर, काल एक हायवा आला होता. ड्रायव्हर म्हणे गाडी एका अंगाला ओढते, अलाइनमेंट झालेलं आहे, काय ते कळत नाही. मी मागच्या जोडीच्या चाकांभोवती चुना टाकला आणि गाडी पुढे घ्यायला लावली. बाहेरच्या टायरचा चौकोन वीस बाय सतरा. आतल्याचा मोजला तर बोटभर लांब निघाला. आतल्यात हवा कमी होती जी, बाहेरून दिसतच नव्हतं."

"मग?"

"हवा भरली आणि पुन्हा चुना टाकला. दोन्ही सारखे आले."